चांगलं काम करणाऱ्यालाच जास्त काम, मग टीम हलणार कशी?

भाऊ, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपचा कारखाना, तीन पाळ्या, तीसेक माणसं. तुम्ही तिशीतले डिप्लोमा इंजिनिअर, वर्षभरापूर्वी क्वालिटीतून उचलून प्रॉडक्शन मॅनेजर केलेले. तुम्ही मशीनजवळ उभे असेपर्यंत काम नीट, पाठ वळली की ढिलं. जुने ऑपरेटर तोंडावर ‘हो साहेब’ म्हणतात आणि करायचं तेच करतात. मालक म्हणतात, टीमला मोटिव्हेट करा. पगारवाढ तुमच्या हातात नाही. ‘महिन्याचा सर्वोत्तम कामगार’ सुरू केलं, हजार रुपये आणि बोर्डावर फोटो. दुसऱ्याच महिन्यात त्याची टिंगल सुरू झाली. बाहेरून एक वक्ते बोलावले, टाळ्या पडल्या, सोमवारपासून पुन्हा तेच. तर आता काय करू, असं तुम्ही विचारताय.

मी याच धंद्यात केस पांढरे केले. आधी शिफ्ट सुपरवायझर होतो, पुढे जळगाव-धुळ्याकडचे प्लँट सांभाळले. त्यामुळे खाली लिहितोय ते शॉपफ्लोअरवरचं आहे. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या टीमच्या मॅनेजरला यातलं निम्मंच लागू पडेल.

एक गोष्ट आधीच विचारून घेतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पगार वेळेवर होतो का? सात तारखेच्या आत व्हायला हवा तो वीस तारखेला होत असेल, ओव्हरटाइमचे तास कापले जात असतील, किंवा दुप्पट दर कायद्यात असताना साध्या दराने पैसे मिळत असतील, तर पुढचं वाचू नका, आधी ते सोडवा. तिथे मॅनेजरने काहीही केलं तरी माणसं म्हणणार, आमचे पैसे द्या आधी, आणि त्यांचं बरोबरच असणार. दिवाळीच्या बोनसचंही तसंच. बोनसच्या कायद्यात बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के मिळायलाच हवेत. तो हक्काचा पैसा मालकाच्या कृपेसारखा भाषण ठोकून वाटला की लोक गालात हसतात. बोनसचा हिशोब ऑपरेटरला मॅनेजरपेक्षा पक्का ठाऊक असतो. तुमच्या लिहिण्यावरून पैशांची बोंब दिसत नाही, म्हणून तसं धरून पुढे जातो.

तुम्ही विचारताय, यांच्यात उत्साह कसा आणू. मी तुमच्या जागी असतो तर आधी एवढंच तपासलं असतं, की आपल्याकडे चांगलं काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येतं?

तुमच्याकडे एक ऑपरेटर असा असणारच, ज्याला मशीनच्या आवाजावरून कळतं की काय बिघडलंय. त्याच्या पाळीत पाइप गोल, जाडी एकसारखी, मीटरमागे वजन जिथे हवं तिथे. आता त्याचा महिना बघा. अवघड साइज आली की त्याच्याकडे. नवा पोरगा शिकवायचा तर त्याच्याकडे. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर ‘तू थांब जरा’ हे त्यालाच. सुटी मागितली तर ‘तू गेलास तर मशीन कोण बघणार?’ आणि ज्याला कामाचा कंटाळा, त्याला सोपी लाइन. त्याची सुटीही लगेच मंजूर, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही. दोघांच्या पगारातला फरक काढला तर घरच्यांना एकदा ढाब्यावर शेवभाजी खायला नेण्याइतका. बाकीची माणसं हे रोज बघतात. इथे हुशारी दाखवली की ती अंगावर येते, हे नव्या पोराला दोन महिन्यांत कळतं. मग साहेब समोर असेपर्यंत नीट आणि साहेब गेले की बेताबेताने. याला आळस म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांनी सरळ हिशोब केलेला असतो.

म्हणून मी कुठेही गेलो तरी आधी चांगल्या कामाची ही शिक्षा कुठे कुठे बसलीय ते शोधतो. पाइपच्या कारखान्यात पहिली जागा ठरलेली, ती म्हणजे स्क्रॅपचं, म्हणजे बाद गेलेल्या मालाचं रजिस्टर.

तुमच्याकडेही ऑपरेटरच्या नावापुढे स्क्रॅपचे किलो लिहिले जात असतील. आता वीज गेली की काय होतं ते तुम्ही पाहिलंय, पण ते ऑपरेटरच्या बाजूने एकदा बघा. बॅरलमधला, म्हणजे पीव्हीसी वितळवणाऱ्या नळीतला माल पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलेला. तो पुढे ढकलणारा स्क्रू थांबला. पीव्हीसी गरम जागी अडकून राहिलं की करपतं, आधी पिवळं, मग तपकिरी, आणि त्यातून आम्लाची वाफ निघते, डोळे चुरचुरतात. वीज लगेच आली तर निभावतं. नाही आली तर डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, उघडायची, तीही गरम असतानाच, कारण गार झाल्यावर आतला माल दगड होतो. पितळी पट्टीने खरवडायचं. लोखंड लावलं तर डायला ओरखडा, आणि मग पुढच्या प्रत्येक पाइपवर रेघ. हे सगळं मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, पत्र्याच्या शेडखाली. पुन्हा लाइन चालू केल्यावर जाडी जमेपर्यंत निघेल तेवढा पाइप ग्राइंडरला. आणि हे सारे किलो कुणाच्या नावावर चढतात? ज्याच्या पाळीत वीज गेली त्याच्या. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये त्याच्या नावाखाली लाल रेघ. ज्याने घामाने निथळत डाय वाचवली, तोच कागदावर सगळ्यात वाईट ऑपरेटर.

रजिस्टरमध्ये स्क्रॅपचे रकाने वेगळे करा. वीज किंवा मशीनचा बिघाड एका रकान्यात, साइज बदलताना गेलेलं दुसऱ्यात, हातून चुकलेलं तिसऱ्यात. कारण ऑपरेटरनेच लिहायचं, सुपरवायझरने फक्त सही करायची. पहिल्या महिन्यात सगळे जण सगळं स्क्रॅप विजेच्या रकान्यात ढकलतील. ढकलू द्या. वीज कधी गेली, किती वेळ गेली हे जनरेटरच्या लॉगबुकात असतंच. ते शेजारी ठेवून शांतपणे दाखवा, ओरडू नका. खरं लिहिल्याने आपलं काही वाईट होत नाही हे एकदा दिसलं की माणसं खरं लिहायला लागतात, ‘माझ्याकडून झालं’ हेसुद्धा. मी हे जिथे केलं तिथे एक गंमत बाहेर आली. स्क्रॅपचा मोठा वाटा ऑपरेटरचा नव्हताच, साइज बदलाचा होता. सेल्सवाल्यांचा फोन आला की सकाळी ९० मिमीच्या पाइपची लाइन, दुपारी ६३, संध्याकाळी परत ९०. त्यानंतर भांडणाची बाजूच फिरली. मी आणि ऑपरेटर इकडे, सेल्स तिकडे. माझा अनुभव असा की टीम एकत्र यायला समोर कुणीतरी लागतं. तुमच्या सेल्स मॅनेजरला मात्र हे वाचायला देऊ नका.

साइज बदलाचा आठवड्याचा तक्ता आदल्या शनिवारी लावा आणि पाळी संपायच्या आधीच्या तासाभरात डाय बदलायला काढू नका. दुपारी दोनला डाय काढायला सांगितली की जाणारा अर्धवट टाकून जातो आणि येणारा शिव्या देत सुरुवात करतो. दोन पाळ्यांमधली निम्मी भांडणं इथली असतात.

दुसरी जागा सुटीची. इथे खान्देशात पाइपचा सीझन आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नेमके एकाच वेळी येतात. पावसाळ्याआधी शेतकरी पाइप घेतो, म्हणून उन्हाळाभर मालाची ओढ, आणि आखाजी एप्रिल-मेमध्ये. लेकीबाळी माहेरी येतात, पितरांची घागर भरायची असते, पुरणपोळी असते. ऑपरेटरच्या बहिणीला वर्षातून तेवढीच फुरसत. बाहेरून आलेल्या मॅनेजरला ‘अक्षय्य तृतीया’ म्हटलं की सराफाची जाहिरात आठवते, त्याला ही ओढ समजत नाही. मग श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा सण, तिच्या रोटांच्या नैवेद्याला सगळी भाऊबंदकी एकत्र. मग पोळा. मग कपाशी वेचणीला घरात माणूस कमी. यातली एकही गोष्ट अचानक येत नाही. तरी दरवर्षी आदल्या आठवड्यात अर्ज येतात, मॅनेजर चिडतो, सगळ्यात कामाच्या माणसाचा अर्ज नाकारतो, आणि तो माणूस त्या दिवशी ‘ताप आलाय’ म्हणून फोन बंद करून ठेवतो. याला तुम्ही बेशिस्त म्हणाल. पण सरळ मागून मिळत नाही हे त्याला आपणच शिकवलेलं असतं.

मी फेब्रुवारीतच वर्षाचा तक्ता भिंतीवर लावायचो आणि पेन माणसांच्या हातात द्यायचो. माझी अट एकच, लाइनला किमान इतकी माणसं लागतात. बाकी कोण कधी जाणार ते पाळीतल्या लोकांनी आपसात ठरवायचं. गेल्या वर्षी जो थांबला त्याचा यंदा पहिला हक्क. लोक हे मॅनेजरपेक्षा चांगलं ठरवतात. ईदला सुटी हवी असणारे आखाजीला थांबायला तयार असतात, ज्याचं कानबाईचं घर मोठं तो पोळ्याला येतो. तरीही आकडा जुळला नाही तर आखाजीला एक लाइन बंद ठेवायची परवानगी मालकाकडून आधीच घेऊन ठेवा. एका दिवसाचं उत्पादन जातं हे खरं. पण अपुऱ्या आणि रुसलेल्या माणसांवर चालवलेल्या लाइनचं त्या दिवशीचं स्क्रॅप मोजून बघा, फार गेलं असं वाटणार नाही.

आणि तो तुमचा हुकमी ऑपरेटर? त्याच्यावाचून लाइन चालत नसेल तर ती तुमची अडचण आहे, त्याची सुटी नाकारणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करा आणि शिकवण्याचं काम करतोय तोवर त्याला मशीनचं टार्गेट कमी द्या. शिकवायचंही आणि टार्गेटही पुरं करायचं म्हटलं की तो शिकवणारच नाही, पोराला फक्त झाडू मारायला लावेल.

आता ‘हो साहेब’वाले जुने लोक. इथे तुमची एक खास अडचण आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही. तुम्ही क्वालिटीतून आलात. परवापर्यंत यांचा माल रिजेक्ट करणारा माणूस आज यांचा साहेब झालाय. त्यांच्या डोक्यात तुम्ही अजून हातात गेज घेऊन चुका शोधायलाच येता, आणि तुम्ही मशीनजवळ उभे राहता तेव्हा तेच खरं ठरतं. पण याच गोष्टीचा उपयोगही करता येतो. पाइपची किमान जाडी आयएस ४९८५ या भारतीय मानकात ठरलेली आहे. तिच्याखाली गेलात तर माल फेल, फार वर ठेवलीत तर मीटरमागे वजन वाढतं आणि मालकाचा पैसा पाइपात जातो. या दोन्हींच्या मधल्या बारीक पट्टीत लाइन तासन् तास धरून ठेवणं, हीच ऑपरेटरची कारागिरी. ती त्याची त्याला दिसते का? बहुतेक ठिकाणी वजनाचे आकडे लॅबमधून केबिनमध्ये जातात आणि ऑपरेटरपर्यंत फक्त ‘काल वजन जास्त गेलं’ एवढी बोलणी पोचतात. मशीनशेजारी एक साधा पांढरा बोर्ड लावा. दर तासाचं वजन ऑपरेटरने स्वतः लिहायचं. त्यावर नावांची क्रमवारी नको, इतर पाळ्यांशी तुलना नको. काही आठवड्यांनी तुम्हाला दिसेल की रात्री अकराला पाळीवर आलेला माणूस सगळ्यात आधी बोर्डाकडे बघतो.

जुन्या माणसाला काही विचारायचं तर नेमकं विचारा. ‘काही सूचना आहेत का?’ याला उत्तर येत नाही. सूचनापेटीत मला गुटख्याच्या पुड्यांखेरीज फारसं काही सापडलेलं नाही. ‘आप्पा, स्क्रू बदलल्यापासून ७५ ला वजन वर का जातंय?’ असं विचारा, आणि मशीनजवळ विचारा, केबिनमध्ये बोलावून नको. केबिनमध्ये माणूस आजवर बोलणी खायलाच गेलेला असतो. पहिल्यांदा तो उडवून लावेल. ‘आमले कोन इचारस?’ म्हणून हसेल. दुसऱ्यांदा सांगेल. त्याने सांगितलेलं त्याच आठवड्यात करून बघा, आणि करायचं नसेल तर का नाही ते जाऊन सांगा. विचारून काहीच न करण्यापेक्षा न विचारलेलं बरं. अहिराणी येत असेल तर बोला, येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका. लोकांना ते लगेच कळतं. आणि चारचौघांत त्याची चूक काढू नका, विशेषतः त्याच्या गावची पोरं समोर असताना. गाव इथे कारखान्यात येतं आणि कारखाना संध्याकाळी गावच्या पारावर जातो.

तुमच्या बक्षिसाबद्दल. ते का फसलं हे अवघड नाही. एकाचा फोटो लागला की एकोणतीस जणांचा लागला नाही, आणि कोण निवडतं हे सगळ्यांना ठाऊक. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं होतं, की ज्या गोष्टींनी माणूस कामावर नाराज होतो त्या वेगळ्या आणि ज्यांनी तो कामात रमतो त्या वेगळ्या. पगार, नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा हे बिघडलं तर नाराजी. पण ते सुधारलं म्हणून माणूस रमतोच असं नाही. त्यासाठी कामात काही साधल्याचं समाधान, कुणी दखल घेणं, जबाबदारी असं लागतं. त्यांचा अभ्यास पिट्सबर्ग भागातल्या इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांचा होता, त्यामुळे तो आपल्या हेल्परला मी जसाच्या तसा लावत नाही. पण क्रम मला पटतो. नाराजीचं घर साफ न करता तुम्ही थेट फोटो लावायला गेलात.

ते घर साफ करायला पगारवाढ लागतेच असं नाही. पिण्याच्या पाण्याचा कूलर चालू आहे का, शेडमधले डेझर्ट कूलर मार्चमध्ये दुरुस्त होतात की मे संपल्यावर, तिसऱ्या पाळीला चहा मिळतो का, हे बघा. एक काम मात्र आवर्जून करा, पीएफचं. आधारवर नावाचं एक स्पेलिंग, पीएफमध्ये दुसरं, जन्मतारखेत फरक. हे माणसाला कळतं कधी, तर मुलीच्या लग्नाला पैसे काढायला जातो आणि क्लेम रिजेक्ट होतो तेव्हा. एका शनिवारी दुपारी एचआरच्या क्लार्कला शॉपफ्लोअरवर बसवा, सगळ्यांचे केवायसी तपासून घ्या, चुका दुरुस्त करायला टाका. यात तुमचा खर्च शून्य. ज्याचं अडलेलं काम सुटतं तो तुमच्यासाठी रात्री अकरालाही थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

ठेकेदाराची माणसं किती, हे तुम्ही लिहिलं नाही. निम्मी असतील तर वरच्या बऱ्याच गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत, कारण त्यांचा पगार आणि सुटी ठेकेदाराच्या हातात. तरी पाणी, चहा, हातमोजे, बूट यांत भेद करू नका आणि स्क्रॅप त्यांच्या माथी मारण्याची सवय मोडा. अनुभवाने सांगतो, हेल्परला वाईट वागवलं जातं तिथे ऑपरेटरही मनातून खूश नसतो.

सगळं करूनही दोन-तीन जण हलणार नाहीत. असतात. त्यांच्याशी वेगळं, एकट्याला गाठून, तारीख-वार सांगून बोला, आणि फरक पडला नाही तर लेखी द्या. त्यांच्यामुळे तीसही जणांवर नवा नियम लादू नका. सरळ माणसाला तो लगेच टोचतो आणि ज्याच्यासाठी केला तो पळवाट काढतो. त्यातला एखादा मालकाचा नातेवाईक निघाला तर मात्र तुमच्या हातात फारसं काही नाही. त्याला उत्पादनाच्या लाइनवरून काढून डिस्पॅचला पाठवता आलं तर बघा.

मालकाशी बोलायचं ते शेवटी, आणि आकडे घेऊन. ‘लोक नाराज आहेत’ म्हणत गेलात तर ते म्हणतील, कुठे नाहीत? दोन गोष्टी मागा. एक, मालकाने ऑपरेटरला थेट फोन करून साइज बदलायला सांगणं बंद करायचं. सांगायचं ते तुम्हाला. हे त्यांना सगळ्यात जड जाईल, कारण त्यांनी स्वतः कधीतरी त्याच मशीनवर उभं राहून धंदा सुरू केलेला असतो. दोन, अवघड साइज चालवणाऱ्याला आणि नवा माणूस शिकवणाऱ्याला महिन्याचा छोटा ठरावीक भत्ता. ही पगारवाढ नाही, फक्त जो जास्त ओढतो त्याला त्याचे पैसे. हे मागताना गेल्या सहा महिन्यांचं स्क्रॅपचं रजिस्टर घेऊन बसा आणि विजेचं, साइज बदलाचं आणि हातून झालेलं असे किलो वेगळे काढा. जुन्या नोंदींत कारण लिहिलेलं नसेल, पण जनरेटरचं लॉगबुक आणि डिस्पॅचचे चलान शेजारी ठेवले तर बरंचसं लागतं. ते आकडे इथे टाका. साइज बदलाचे किलो मोठे निघाले तर मालकाशी आधी सेल्सच्या तक्त्याचं बोलावं लागेल आणि भत्त्याचं नंतर. विजेचे मोठे निघाले तर जनरेटर किती सेकंदांत लोड घेतो तिथून सुरुवात करू.